सणासुदीतील दान, खरेदी आणि फसवणूक : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

मराठवाड्यात सणांचा हंगाम आणि सुगीचा हंगाम हे दोन निरनिराळे काळ नव्हेत. पोळ्यापासून जी सणांची माळ सुरू होते ती महालक्ष्म्या, गणपती, घटस्थापना, दसरा व दिवाळी असे टप्पे घेत मार्गशीर्षातील वेळ अमावस्येपर्यंत लांबते. आणि नेमक्या याच काळात मूग, उडीद व त्यामागोमाग सोयाबीन शेतातून निघून लातूर, उदगीर, नांदेड येथील बाजार समित्यांच्या आवारांत येते. वर्षभर उधारीवर चाललेल्या घरात रोख रक्कम येण्याचे जे थोडे आठवडे असतात, ते हेच. आलेली रक्कम फार काळ थांबतही नाही. बियाण्याची व किराण्याची थकबाकी, मुलांचे कपडे, लेकीचा दिवाळसण, कुलदैवताची यात्रा आणि दारी आलेल्यास द्यावयाचे दान या वाटांनी ती महिन्या-दीड महिन्यात निघून जाते. फसवणुकीचा धंदा करणाऱ्यास हे गणित अर्थशास्त्राच्या अभ्यासकाइतकेच, किंबहुना अधिक चांगले, ठाऊक असते.

भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे ४२० वे कलम जाऊन ३१८ वे कलम आले. बोलीतला ‘चारसोवीस’ मात्र जाग्यावरच राहिला. कलमाचा आकडा बदलला तरी गुन्ह्याचे मर्म बदललेले नाही. चोरीत वस्तू हिसकावली वा लांबविली जाते. फसवणुकीत मालक ती आपल्या हाताने देतो. तेव्हा अभ्यासाचा खरा प्रश्न असा की, तो ती का देतो? अज्ञान आणि लोभ असे याचे ठरीव उत्तर दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. अनाथाश्रमाच्या नावाने पैसे देणाऱ्याच्या मनात लोभ कोठला? आणि फसलेल्यांत शिक्षक, कारकून, निवृत्त अधिकारी हेही असतात; त्यांना अज्ञानी कसे म्हणावे? अधिक बारकाईने पाहिले असता असे दिसते की, ठग समाजातील विश्वासाचे एखादे रूढ रूप उचलतो, त्याची हुबेहूब नक्कल करतो आणि दात्याच्या मनातील भीड व घाई यांचा उपयोग करून घेतो. भीड ही भिकेची बहीण, असे जुने माणूस म्हणत आले आहे. सणाच्या दिवसांत ही भीड सर्वांत जास्त असते, कारण दारी आलेल्यास रिकाम्या हाताने पाठविणे अशुभ वाटते.

जुन्या ग्रामव्यवस्थेत दान मागणाऱ्यांची वाण नव्हती. पहाटे येणारा वासुदेव, देवीचा गोंधळी, कडकलक्ष्मीचा पोतराज, तुळजाभवानीच्या नावाने परडी घेऊन जोगवा मागणारे आराधी, हे सर्व सुगीच्या सुमारास दारी येत आणि सूपभर जोंधळे वा ओंजळभर पीठ घेऊन जात. या व्यवस्थेकडे केवळ श्रद्धेचा भाग म्हणून पाहिले तर तिची एक बाजू नजरेआड होते. तिच्यात फसवणुकीपासून संरक्षणही होते आणि ते तीन गोष्टींत होते. मागणारा दरवर्षी तोच येई आणि त्याची फिरण्याची गावे ठरलेली असत, म्हणून एका वर्षीची लबाडी त्याला पुढल्या वर्षी भोवे. दान धान्याचे असे आणि ओंजळीच्या मापाचे असे, म्हणून एका दारात मोठा गंडा घालणे शक्यच नव्हते. शिवाय देणे-घेणे अंगणात, चार शेजाऱ्यांदेखत होई. कोणी पावती देत नसे. परंतु गाव हीच पावती होती.

या मंडळींत बहुरूप्याचे उदाहरण विशेष बोधक आहे. फौजदाराचा पोशाख चढवून, खोटा हुकूम मोठ्याने वाचून दाखवीत तो घरात शिरे. क्षणभर घरातली माणसे चपापत आणि मग हसत त्याला बिदागी देत. त्याचे सोंग ओळखले जावे यासाठीच असे. ओळखल्यावरच त्याला पैसे मिळत. आज दागिने घातलेल्या वृद्धेला रस्त्यात गाठून, ‘पुढे चोऱ्या चालल्या आहेत, दागिने काढून रुमालात बांधा,’ असे सांगणारा तोतया पोलीस तेच सोंग घेतो. पण ते ओळखले जाऊ नये यावर त्याची कमाई अवलंबून असते. रुमालाची गाठ तो स्वतः बांधून देतो आणि घरी येऊन उघडल्यावर आत खडे निघतात. दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेशात प्रकट होऊन ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगणारा याच घराण्यातला. अशा प्रकारची अटक कोणत्याही भारतीय कायद्यात नाही. तोतया हा शब्द मराठी इतिहासात सदाशिवरावभाऊंच्या नावाशी जोडला गेला आहे. पानिपतानंतर भाऊ म्हणवून घेणारा इसम उभा राहिला तेव्हा त्याला मानणारी माणसेही मिळाली, कारण भाऊ परत यावेत अशी त्यांची मनापासून इच्छा होती. फसणाऱ्याची इच्छा हे ठगाचे अर्धे भांडवल असते.

गावाची ओळख शहरात पुरत नाही. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत, जेथे जगदंबेच्या देवळाभोवतीच्या वर्तुळाला सोळा रस्ते येऊन मिळतात, तेथील दुकानदाराकडे एका दिवसात वर्गणी मागणाऱ्यांचे पाच-दहा घोळके येऊ शकतात. कोण कोणत्या गल्लीचा हे त्याला सांगता येणार नाही. अशा ठिकाणी माणसाच्या ओळखीची जागा कागदाने घेतली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा उभी राहिली. हाच कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. नोंदणी झालेल्या संस्थेस क्रमांक मिळतो व तिला हिशेब ठेवावे लागतात. ज्यांची कायमची नोंदणी नाही अशा उत्सव मंडळांसाठी याच कायद्याच्या ४१-क कलमाखाली वर्गणी गोळा करण्याची तात्पुरती परवानगी घेण्याची सोय आहे आणि उत्सवानंतर जमाखर्च सादर करणे अपेक्षित आहे. म्हणजे गणपतीची वर्गणी मागणाऱ्या अनोळखी तरुणांना परवानगीचे पत्र दाखविण्यास सांगणे हा अपमान नव्हे, की देवकार्यात मोडता घालणेही नव्हे. तो कायद्यानेच गृहीत धरलेला प्रश्न आहे.

येथे पावतीविषयी थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होईल. पावतीपुस्तक कोणत्याही छापखान्यात तासाभरात छापून मिळते. म्हणून पावती असणे हा खरेपणाचा पुरावा होत नाही. तिच्यावर काय आहे ते पाहिले पाहिजे. नोंदणी क्रमांक, संस्थेचा पत्ता, पावतीचा अनुक्रमांक आणि पुस्तकात राहणारी स्थळप्रत या चार गोष्टी असल्या म्हणजे देणाऱ्याच्या हाती एक धागा राहतो व त्यावरून पुढे चौकशी करता येते. नोंदणी क्रमांक सांगितला गेला तर तो धर्मादाय कार्यालयाकडे पडताळता येतो. स्थळप्रत न ठेवता फाडलेली पावती ही केवळ कागदाची चिटोरी होय. पुष्कळ सालस मंडळेही याबाबतीत ढिलाई करतात आणि त्यांच्या ढिलाईमुळेच लबाडांना आडोसा मिळतो, हेही नमूद केले पाहिजे. ज्या मंडळाने गतवर्षीचा जमाखर्च मांडवात फळ्यावर लावला आहे, त्याला वर्गणी देताना दुकानदाराचा हात आखडत नाही, हा व्यवहारातला अनुभव आहे. मोठ्या देणगीच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. दोन हजार रुपयांहून अधिक दान रोखीने दिल्यास त्यावर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. हा नियम २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून आहे. तेव्हा सवलतीचे आमिष दाखवून मोठी रक्कम रोखच मागणारा मनुष्य एक तर अडाणी असतो, नाही तर खोटा.

दात्याची आणि घेणाऱ्याची ओळख सर्वांत अधिक तुटते ती आपत्तीच्या वेळी. लातूर जिल्ह्याला या गोष्टीचा अनुभव घेणाऱ्याच्या बाजूने आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. देशातून आणि परदेशांतून मदतीचा ओघ आला. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी किल्लारी वा सास्तूर हे नाव तोपर्यंत ऐकलेलेही नव्हते. त्यांचे दान पोहोचले ते मधल्या संस्थांच्या भरवशावर. याचे एक ठळक उदाहरण म्हणजे शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची घेतलेली जबाबदारी. अशा कामात नाव, जागा, मुलांची संख्या आणि पुढील अनेक वर्षे या सर्वांचा पडताळा घेता येतो. ज्याला खरोखर मदत पोहोचवावयाची आहे तो आपल्या कामाचे स्थळ व काळ लपवीत नाही. खोट्या आवाहनात याच्या उलट दिसते. तेथे एखाद्या मुलाचे करुण चित्र असते, रक्कम तातडीची असते, परंतु रुग्णालय कोणते, रुग्ण कोणत्या कक्षात आहे, संस्थेचे कार्यालय कोठे आहे, हे विचारले की उत्तराऐवजी अश्रू येतात.

तातडी आणि अंतर यांच्या जोडीला आता अक्षरभेद आला आहे. मार्च २०२० मध्ये महामारीच्या प्रारंभी केंद्र शासनाने मदतनिधी उघडला, तेव्हा त्याचा भरणा-पत्ता ‘पीएमकेअर्स’ या नावाने होता. काही दिवसांतच शेवटचा ‘स’ गाळलेले, म्हणजे ‘पीएमकेअर’ असे वाचले जाणारे बनावट पत्ते फिरू लागले व दिल्ली पोलिसांना त्याविरुद्ध कारवाई करावी लागली. एका अक्षराने हजारो दात्यांचे पैसे भलत्या खात्यात वळण्याची सोय झाली होती. अशा प्रसंगी कोणी पाठविलेल्या संदेशातील पत्ता न वापरता तो संस्थेच्या मूळ ठिकाणावरून स्वतः शोधून घेणे, एवढी एकच गोष्ट पुष्कळशी हानी टाळू शकते.

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने दानपेटीचे रूपच पालटले. देवळाच्या खांबावर, मांडवाच्या कमानीवर, भाजीच्या गाड्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक चौकोन चिकटविलेला असतो. फोन त्याच्यासमोर धरला की पैसे जातात. हा क्यूआर चौकोन म्हणजे वस्तुतः एका खात्याचा पत्ता. तो डोळ्यांनी वाचता येत नाही, हेच त्याचे वैगुण्य. रात्रीतून कोणी खऱ्या चौकोनावर आपला चौकोन डकविला तर सकाळी येणाऱ्या भाविकास तो फरक कळण्याचा मार्ग नाही. २०२३ मध्ये केदारनाथ व बद्रीनाथ येथे दानासाठी असे फलक लागलेले आढळले, तेव्हा मंदिर समितीनेच ते आपण लावले नसल्याचे सांगून पोलिसांकडे तक्रार केली. पुढे असे निघाले की, २०१८ मध्ये एका खासगी कंपनीशी झालेल्या करारानुसार ते लावले गेले होते. त्या प्रकरणात लबाडी निघाली नाही खरी. तथापि आपल्या आवारातील फलक कोणाचा हे खुद्द समितीस सांगता आले नाही, तर यात्रेकरूने ते कसे ओळखावे?

यावर एक तांत्रिक तोडगा उपलब्ध आहे व तो फारसा माहीत नाही. पैसे पाठविण्यापूर्वी फोनच्या पडद्यावर घेणाऱ्याचे जे नाव दिसते ते, जून २०२५ अखेरपासून, बँकेच्या दफ्तरी असलेलेच नाव असावे असा दंडक राष्ट्रीय भरणा महामंडळाने घातला आहे. त्यापूर्वी खातेदाराने स्वतः ठेवलेले कोणतेही नाव दिसू शकत असे. म्हणून चौकोन कोणी चिकटविला याचा तर्क करीत बसण्यापेक्षा, पडद्यावर देवस्थानाचे नाव येते की एखाद्या अपरिचित व्यक्तीचे, हे वाचून मगच गुप्त अंक टाकावेत. लहान मंडळांचे खाते खजिनदाराच्या व्यक्तिगत नावावर असते आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. परंतु असा पैसा व्यक्तीच्या खात्यात गेला म्हणजे त्याचा हिशेब मागण्याचा मार्ग अरुंद होतो, एवढे देणाऱ्याने जाणून असावे. गुप्त अंकांबाबत एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही : ते पैसे देताना लागतात, घेताना कधीही लागत नाहीत. जुने कपाट वा सायकल विकावयास काढणाऱ्याला ‘पैसे पाठवितो, हा चौकोन टिपा आणि अंक टाका’ असे सांगितले जाते, तेव्हा सौदा उलटा झालेला असतो.

नांदेडला या विषयाची आणखी एक बाजू आहे. सचखंड श्री हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्यात दसरा, दिवाळी व होळीच्या उत्सवांसाठी पंजाबातून व देशाच्या इतर भागांतून यात्रेकरू येतात; माहूरगडावर रेणुकेच्या नवरात्रास आणि माळेगावला खंडोबाच्या यात्रेस लोकांची दाटी होते. दूरच्या यात्रेकरूला उतरण्याची सोय आधी निश्चित करावयाची असते व ती तो फोनवर शोधतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हेविषयक समन्वय केंद्राने यात्रेकरूंना दिलेल्या इशाऱ्यात हाच प्रकार सांगितला होता : तीर्थस्थळांच्या धर्मशाळा, भक्तनिवास, हेलिकॉप्टर वा टॅक्सी यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उभारून आगाऊ रक्कम घेतली जाते आणि नंतर फोन बंद होतो. शोधाच्या यादीत वर दिसणारे नाव पुष्कळदा पैसे देऊन वर आणलेले असते. तेव्हा त्यावरील क्रमांकाऐवजी देवस्थानाच्या अधिकृत कार्यालयाशी बोलून खात्री करावी.

दानाकडून खरेदीकडे वळताना प्रथम एका जुन्या व आजही न संपलेल्या कसबाचा विचार करणे योग्य ठरेल. दिवाळीच्या आधी घरोघर भांडी निघतात, दागिने डब्यातून बाहेर येतात, आणि दुपारच्या वेळी, जेव्हा घरात बहुधा स्त्रियाच असतात, दोन तरुण पावडरीचे पुडे घेऊन येतात. आधी ते पितळेचा तांब्या फुकट घासून देतात. तो खरोखरच लखलखतो. मग चांदीचे पैंजण. तेही उजळतात. या दोन पायऱ्यांवर विश्वास बसला की सोन्याची पाटली वा पोत मागितली जाते. भांड्यात जे द्रव असते त्यात हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांचे मिश्रण असते. साधारणपणे तीनास एक या प्रमाणातील या मिश्रणाला अम्लराज म्हणतात, कारण एकेकट्या आम्लाला दाद न देणारे सोने त्यात विरघळते. पाटली थोडा वेळ त्यात बुडवून काढली की तिच्या पृष्ठावरचे सोने द्रवात उतरते. ठग ते द्रव घेऊन जातो व त्यातून सोने पुन्हा वेगळे करतो. पाटली मात्र जागेवरच असते, तिची नक्षी किंचित बोथट झालेली असते, आणि ती हळदीच्या पाण्यात ठेवून ‘अर्ध्या तासाने उघडा’ असे बजावले जाते. त्या अर्ध्या तासात तरुण गाव सोडतात. काही वेळा दागिना बदलून डब्यात खडेच ठेवले जातात. तो प्रकार निदान लवकर तरी उघडकीस येतो. सोने उतरवून घेतल्याचा प्रकार मात्र अनेक महिने कळत नाही, कारण वीस ग्रॅमच्या पाटलीतून दोन ग्रॅम गेले तर हातांना ते जाणवत नाही. ते फक्त काट्याला कळते. म्हणून दागिने उजळावयाचे असतील तर सराफाच्या दुकानात, आधी व नंतर वजन करून, आपल्यासमोर उजळून घ्यावेत. तांब्या फुकट घासून मिळाल्याचा आनंद महाग पडतो.

नव्या सोन्याच्या बाबतीत शासनाने खूण करून ठेवली आहे. २३ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला व पुढे आणखी जिल्हे त्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख-खूण असल्याशिवाय तो विकता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये ही खूण लिहिली की दागिन्याची शुद्धता व सराफाची नोंदणी दिसते. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूंना मात्र ही सक्ती नाही, आणि दसऱ्या-पाडव्याला मुहूर्त म्हणून घेतला जाणारा एखादा मणी वा बाळी नेमकी याच वजनाची असते! अशा खरेदीत शुद्धता, वजन व घडणावळ वेगवेगळी लिहिलेले बिल हीच एकमेव खूण उरते. खोदकामात सापडलेल्या मोहरा स्वस्तात देऊ करणाऱ्याबद्दल निराळे लिहिण्याची गरज नाही. तो नमुन्यादाखल देतो ती मोहर सोन्याची असते आणि उरलेल्या पितळेच्या.

सवलतीच्या जाहिरातींविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. वेष्टनावर छापलेली कमाल किंमत ही विक्रीची वरची मर्यादा होय. त्यापेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे. परंतु ती छापील किंमत मुळात किती असावी हे बहुतेक वस्तूंच्या बाबतीत कायदा ठरवीत नाही. फटाक्यांच्या पेट्यांवर वास्तव भावाच्या अनेक पट किंमत छापून ‘ऐंशी टक्के सूट’ देणे त्यामुळे शक्य होते. यात ग्राहकाला जे सुटलेले वाटते ते कधी धरलेलेच नसते. शेजारच्या दोन दुकानांतील अखेरचा भाव विचारणे हा एवढाच त्यावरचा उपाय. ऑनलाइन दुकानांत हीच युक्ती अधिक धारदार होते, कारण तेथे दुकानच खोटे असू शकते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार अशा विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता व तक्रार अधिकाऱ्याचे नाव दर्शविणे बंधनकारक आहे. नामांकित दुकानाच्या नावाशी मिळतेजुळते नाव, निम्म्याहून कमी भाव, पत्त्याचा अभाव आणि फक्त आगाऊ रक्कम ही चार लक्षणे एकत्र दिसली तर पाचवे पाहण्यासाठी थांबू नये.

दिवाळी फंड वा भिशी हा प्रकार गल्लोगल्ली, दुकानांत, कार्यालयांत चालतो. दर आठवड्याला थोडी रक्कम भरावयाची आणि दिवाळीत एकत्र रक्कम, तेलाचा डबा, साखर, फराळाचे सामान घ्यावयाचे. बहुसंख्य भिश्या प्रामाणिकपणे चालतात व हातावर पोट असलेल्या कुटुंबांना बँकेपेक्षा त्या जवळच्या वाटतात. त्यांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र सर्व पैसा एकाच व्यक्तीच्या हाती आणि सर्वांची मागणी एकाच आठवड्यात, अशी तिची रचना आहे. चालक नेमका त्या आठवड्यात नाहीसा झाला तर वर्षाची बचत जाते. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे व त्याखाली चालकाची मालमत्ता जप्त होऊ शकते, परंतु ती विकून पैसे हाती येण्यास वर्षे लागतात. दर महिन्यास सर्व सभासदांसमोर हिशेब वाचणे आणि रक्कम दोघा-तिघांच्या संयुक्त खात्यात ठेवणे या दोन गोष्टींना खर्च काहीच येत नाही. त्या सुचविणाऱ्यावर अविश्वासाचा ठपका येतो, एवढीच काय ती अडचण. आणि पुन्हा भिडेचाच प्रश्न उभा राहतो.

फसवणूक झाल्यावर काय करावे, याबाबत वेळ ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बँक वा यूपीआय यांच्या द्वारे पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर ताबडतोब कळवावे. ठगाच्या खात्यात गेलेली रक्कम तो काही मिनिटांत दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवितो. ती वाटेत असतानाच सूचना पोहोचली तर बँका ती अडवून धरू शकतात. रोकड काढून झाल्यावर केलेली तक्रार गुन्ह्याच्या तपासास उपयोगी पडते, पैशाच्या वसुलीस क्वचित्. कळविताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम हाताशी असावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जे तत्त्व मांडले तेही या घाईचे महत्त्व दर्शविते : तिऱ्हाइताच्या लबाडीने, ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार नाही, ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक सांगितले असतील तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, नंतरचे बँकेचे. म्हणजे प्रत्येक तासाच्या संकोचाला रुपयांत किंमत आहे. प्रत्यक्षात मात्र फसलेला मनुष्य पहिला दिवस घरात कसे सांगावे या विचारात घालवितो. दान देताना जी भीड आड आली, तीच तक्रार करताना लाजेच्या रूपाने पुन्हा आड येते. निवृत्त शिक्षकाला आपण फसलो हे माजी विद्यार्थ्यांसमोर मान्य करणे जड जाते. सुनेला दागिन्याचे वजन घटल्याचे सासूला सांगवत नाही. घरातील इतरांनी पहिल्या ऐकण्यात रागे भरण्याऐवजी फोन उचलून क्रमांक फिरविला, तर निम्मे काम होते.

वस्तूची वा सेवेची तक्रार निराळ्या वाटेने जाते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत-क्रमांक आहे आणि तेथे विक्रेत्याशी तडजोडीचा प्रयत्न होतो. तो निष्फळ ठरल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते; लातूर व नांदेड येथे असे आयोग आहेत. ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे अर्ज करता येतो, मग विक्रेता दिल्लीचा असो वा सुरतेचा. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क द्यावे लागत नाही, आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे या दिवाळीत घेतलेल्या वस्तूबद्दल त्यापुढच्या दिवाळीनंतरही अर्ज करता येतो, मात्र तोवर बिल, वेष्टन व संदेश जपून ठेवलेले असले पाहिजेत.